नवलाईचा उजवा कौल

हे तुम्ही मानणार नाही. लावा पैज. गावात कुणी मानत नाही, माझ्या बायकोनं मरेपर्यंत मानलं नाही, आणि मी सांगतोय म्हटल्यावर न मानलेलंच बरं, असं खुद्द आमची देवी नवलाईसुद्धा सांगेल. ह्याच पायरीवर येऊन बसलेल्या वाघाला मी "ऊठ बाबा, नैवेद्याची वेळ झाली" म्हणून वाट दाखवली होती, ते तरी कुठं कुणी मानलं? पण वाघ राहू दे. वाघाच्या गोष्टीत थोडं इकडचं तिकडचं आहे. ह्या गोष्टीत नाही.

उद्या पालखी निघायची. तुम्ही मुंबईची मंडळी शिमग्याला दोन दिवस आधी आलात, चहा झालाय, ऊन उतरायला वेळ आहे. तो पलीकडं खांबाला टेकून देवीचं रुपं, म्हणजे चांदीचा मुखवटा, चिंचेनं घासत बसलाय ना, तो धाकू. त्याच्यासाठी आवाज चढवायला नको. उजव्या कानानं त्याला ऐकू येत नाही, आणि डाव्या कानानं तो माझं ऐकत नाही.

जाताना त्या रुप्याचं नाक बघून जा. डावीकडून जरा बसकं आहे. सोनार म्हणाला होता, सरळ करून देतो. आम्हीच नको म्हटलं. गोष्ट त्या नाकाची आहे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. बाप गेल्यावर देवीची पूजा माझ्याकडं आली होती आणि तीन महिन्यांपूर्वी लग्न झालं होतं. शिमग्याची पालखी सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यापुढं, नाचत होती. ढोल असा की पोटातलं जेवण उड्या मारतंय. गुलाल एवढा की शेजारचा माणूस ओळखू येत नाही. आता बघा, आम्हा गुरवांना पालखीला खांदा द्यायचा मान नाही. आम्ही पुढं चवरी ढाळायची. पण बायको माहेरून आलेल्या बहिणींना घेऊन समोरच्या बांधावर उभी होती, आणि चवरी ढाळून कुठला नवरा शूर दिसलाय? मागच्या दांडीचा एक गडी दमून बाहेर पडला, तसा मी चवरी कमरेला खोचली आणि त्याच्या जागी घुसलो. शेजारी होता धाकू. हाच. त्यानं दुपारी माडी घेतली होती. शिमग्याला कोण घेत नाही? पण पाय त्याचे पक्के होते. हे मी आज सांगतो.

मी बांधाकडं बघितलं. बायकोनं बघितलं. मी एक हात वर केला.

बस्स. तेवढ्यात पायाखाली नारळाचं सोलून टाकलेलं सोडण आलं. माझा खांदा दांडीखालून निसटला, सगळा भार धाकूवर गेला, आणि आमची नवलाई तोंडावर पडली.

ढोल थांबले. इतकं शांत झालं की बांधावरच्या बायकांच्या बांगड्या ऐकू आल्या. धुरळा बसेपर्यंत मी पुढं जाऊन उभा होतो. हातात चवरी.

बाळा गावकर म्हणजे आमच्या गावचा पहिला मानकरी. तो पुढं आला. धाकू दांडीखालून निघत होता.

"मागं कोण होता?"

"मी होतो."

"आणि बाजूला?"

धाकूनं डोळ्यांतला गुलाल पुसला. "ठाऊक नाय गावकारानूं. दिसला नाय."

बाळा वाकला, त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि सरळ झाला. "बाजूला कोण हाय ह्येसुद्धा ज्याला ठाऊक नाय, त्याच्या हातून देवी पडल नाय तर काय व्हईल?"

मग कुणी दुसऱ्या गड्याला शोधलंच नाही. वास सापडला होता ना, आणि तीन महिन्यांची नवरी गावासमोर नवऱ्याचं नाव थोडीच घेणार?

गाव बसलं. ठरलं असं की, धाकूनं वेशीच्या आत पाय टाकायचा नाही. देवी बोलवील तेव्हा यायचं. देवी बोलावते ती कौलानं, आणि कौल लावणार कोण? मी.

तुमच्यातल्या लहानांसाठी सांगतो. देवीच्या कपाळावर मधोमध बेलाचं एक पान पाण्यानं चिकटवायचं. गाऱ्हाणं घालायचं. पाणी सुकत येतं तसं पान सुटतं. देवीच्या उजव्या हाताकडं पडलं तर होय, डाव्या हाताकडं पडलं तर नाही. समईतली एक वात जळेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात पडलंच नाही तर देवी बोलली नाही म्हणायचं आणि घरी जायचं.

धाकू मुंबईला बंदरात कामाला लागला. घरी आई एकटी. गोदीकाकी. अंगानं काडी, पण बोलली की भांडं आदळल्यासारखं. पहिल्याच अमावास्येला सकाळी नारळ घेऊन हजर.

"भिका, कौल लाव. माज्या पोराला आणायचा हाय."

बाळा गावकरही आला. कौलाला तो लागतोच. मी गाभाऱ्यात गेलो आणि पान हातात धरून हिशेब मांडला. उजवा पडला तर धाकू परत येणार, गावात राहणार, कधीतरी शुद्धीवर त्याला आठवणार की बाजूला कोण होता. डावा पाडावा, तर ते देवीच्या तोंडी खोटं घालण्यासारखं. तेवढी छाती माझी नव्हती. थापाड्या असलो तरी गुरव आहे.

मग मी काय केलं? फणसाचा चीक.

हसताय? ज्यानं घरी फणस कापलाय तो हसणार नाही. हाताला खोबरेल न लावता कापलात, तर दोन दिवस बोटं सुटत नाहीत. माझ्याकडं करवंटीत चिकाचा गोळा असायचा, फुटकं बोळकं सांधायला. समईच्या ज्योतीवर चिमूटभर मऊ केला, पानाच्या पाठीला लावला आणि पान देवीच्या कपाळावर दाबलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पाण्यानंच लावलंय.

वात जळून गेली. पान जागचं हललं नाही.

"नाय बोलली," बाळा जांभई देत म्हणाला. "चला."

गोदीकाकी हात पसरून उभी. "पान दे. परसाद हाय तो."

मी आत जाऊन, बोटाला तेल लावून पान सोडवलं, पुसलं आणि तिच्या ओंजळीत टाकलं. तिनं ते उलटून बघितलं, पदराच्या गाठीला बांधलं आणि म्हणाली, "बरं. पुढच्या अमाशेला."

तशा किती अमावास्या म्हणता? सहा वर्षं! पाऊस असो, ताप असो, काकी हजर, बाळा जांभईसकट हजर आणि माझा चीक हजर. गावात बोलबाला झाला, की देवी मुकी झाली. लोकांनी लग्नाचे कौल लावायचे सोडले. कोण म्हणे नाक चेपलं म्हणून रुसली, कोण म्हणे गाव भ्रष्ट झालं. मीही मान डोलवायचो. आणि तुम्हाला सांगतो, तीन वर्षं गेल्यावर मला खरंच वाटायला लागलं की ही आपल्याशी बोलत नाही. रोज पूजा मी करायचो, फुलं मी वाहायचो, पण तिच्या डोळ्यांकडं बघणं मी टाळायचो. पायांकडं बघून पूजा करायचो. पायांना काय, डोळे नसतात.

मधल्या एका शिमग्याला धाकू आला होता. वेशीवरच्या पऱ्ह्यापर्यंत. पलीकडच्या काठाला उभा, काखेत आईसाठी लुगडं. अलीकडं गोदीकाकी. मधे गुडघाभर पाणी. मी नेमका बेल आणायला तिकडं गेलेलो, आणि दोघांनी मला बघितलं. पळायला जागा नव्हती.

"भिका," धाकूनं हाक मारली. "एक इचारू?"

"बोल."

"त्या दिवशी तू जवळच व्हतास. माज्या बाजूला दांडीला कोण व्हता रे? सारखं आठवून बघतो. रात्री झोप येत नाय. माझा खांदा सुटला का त्याचा, एवढं कळलं तर…"

"मी पुढं होतो," मी म्हटलं. "चवरी ढाळत होतो."

"व्हय," धाकू म्हणाला. "तू पुढंच असणार." मग काखेतलं लुगडं काढून हातात घेतलं. "म्हंजे मीच सोडली असणार."

 लुगडं पाण्यातून जाऊन मीच आणलं. काकीनं ते माझ्या हातून घेतलं आणि म्हणाली, "भिका, पाय पूस. सर्दी व्हईल."

मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो असतो त्या दिवशी.

सहाव्या वर्षी, माघातली अमावास्या. काकीच्या छातीत पाणी झालं होतं. वैद्य म्हणाला, शिमगा बघेल असं दिसत नाही. मला वाटलं, आता येत नाही. पण पाहतो तर चार घरं पलीकडच्या दोघांनी तिला खुर्चीवर बसवून उचलून आणलेली, मांडीवर नारळ. बाळा गावकरही आला. जांभई दिली नाही.

मी आत गेलो, पान लावलं. चीक लावून. हो, त्या दिवशीही. लक्षात ठेवा, सगळी गोष्ट इथंच आहे. सवयीचा माणूस मी. भरपूर लावला होता, बैल चिकटवला असता तर बैल पडला नसता.

बाहेर येऊन नारळ हातात घेतला आणि नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं. "हे आई नवलाई, हा धाकू तुझा लेकरू…"

"थांब," काकी म्हणाली.

मी थांबलो.

"आज धाकूसाठी नाय. त्याचं मी सहा वर्षं मागितलं. आज मला तुज्यासाठी मागायचा हाय."

"माझ्यासाठी? काकी, मला काय झालंय?"

"मला काय ठाऊक? तुला ठाऊक, तिला ठाऊक." ती धापा टाकत होती. "नारळ हिकडं दे. मीच घालते गाऱ्हाणं."

बाळा म्हणाला, "काकी, गाऱ्हाणं गुरवानं घालायचं असतं."

"त्याचाच हाय तर तो कसा घालंल? न्हावी सोताची हजामत करतो?"

नारळ तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. आणि तिचा तो भांडं आदळल्यासारखा आवाज गाभाऱ्यात गेला:

"हे आई नवलाई! ह्यो भिका तुझा गुरव. ह्याचा बाप तुझ्या पायाशी मेला. ह्या पोरानं जानता-अजानता जी काय चूक केली आसंल, ती पोटात घाल. सहा वर्षं ह्याच्या तोंडावर हसू नाय. ह्याला पुन्हा मानसांत घे. ह्याच्या हातचा दिवा तुला चालत आसंल, तर उजवा दे. नको आसंल, तर डावा दे. पर आज गप बसू नको गं बाये. मला येळ नाय."

"व्हय म्हाराजा," बाळा सवयीनं म्हणाला.

मी उंबऱ्यात उभा. सहा वर्षांत पहिल्यांदा मी पायांवरून वर बघितलं. देवीचे डोळे, त्यांच्या वर कपाळ, कपाळावर माझं पान. मला आठवतं, मी मनात म्हणत होतो, पडू नको. डावं पडलंस तर मी संपलो, उजवं पडलंस तर मला बोलावं लागेल. वात अर्धी झाली. गाभाऱ्यात वाऱ्याची झुळूक नाही, समईची ज्योत सरळ सुईसारखी. काकीच्या छातीतली घरघर तेवढी ऐकू येत होती.

आणि चिकानं चिकटवलेलं पान सुटलं.

नुसतं सुटलं नाही. देवीच्या कपाळावरून नाकावर आलं, नाकावर क्षणभर थांबलं, जसं काही विचार करतंय, आणि अलगद उजव्या हाताच्या तळव्यावर जाऊन बसलं. तुम्ही आपल्या पोराच्या हातावर बत्तासा ठेवता ना, तसं.

"उजवा!" बाळा ओरडला. "बोलली! काकी, देवी बोलली!"

मी खाली बसलो.  तोंडातून आपोआप निघालं, "गावकारानूं, पालखी मी सोडली."

"काय?"

"धाकूच्या बाजूला मी होतो. बायकोला हात दाखवत होतो. माझा खांदा सुटला. त्याचा नाही."

बाळा गावकर तसा मवाळ माणूस. पण त्यानं घंटेचा टोल मारायचं दांडकं उचललं. काकी खुर्चीतून अर्धी उठली.

"खाली ठेव ते."

"काकी, ह्यानं तुझं पोर सहा वर्षं…"

"माझं पोर मला मोजाया येतं. देवीनं त्याला उजवा दिलाय. आत्ता, तुझ्या देखत. तू डावा देणारा कोण?"

दांडकं खाली आलं. मग ती मला म्हणाली, "भिका, रडणं मागनं कर. आधी पान दे. परसाद हाय."

मी पान दिलं. तिनं उलटून बघितलं, नेहमीसारखं. आणि हसली.

तिसऱ्या दिवशी धाकू आला. वेशीवर आणायला मीच गेलो. पऱ्ह्याच्या मधोमध, पाण्यात उभं राहून, मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि अशी एक कानफटात दिली की माझं पागोटं वाहत खालच्या गावाला निघालं. मग तोच दहा पावलं त्याच्यामागं धावला, ते पकडलं, पिळलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं.

"चल," म्हणाला. "आये जेवायची थांबली आसंल."

वैद्याचं काय ऐकता, काकीनं तो शिमगा बघितला. गावानं मला मारावं की काढावं ह्यावर दोन दिवस बैठक चालली, आणि काकीचं एकच पालुपद, देवीनं उजवा दिलाय. शेवटी गावानं शिक्षा दिली ती अशी. पालखीच्या मागच्या दांडीला आयुष्यभर धाकू आणि भिका, दोघांनी मिळून, आणि भिकानं बांधाकडं बघायचं नाही. चोपन्न वर्षं झाली. आता आम्ही नुसता हात लावतो, भार पोरं घेतात. पण जागा आमची.

तर झाली गोष्ट. आता मला सांगा, फणसाचा चीक! सहा वर्षांत एकदा नाही सुटला, आणि नेमका त्या दिवशी सुटला. माझ्यासारख्या पापी माणसासाठी. माझा त्यात काडीचा हात नाही हो. मी तर शेवटपर्यंत चिकटवत होतो, सोडवलं तिनं. मानता की नाही? बघा, ह्या ताईंनी कानाला हात लावले. त्या भाऊंच्या डोळ्यांत पाणी आहे. आधी मानत नव्हतात! चला, उठा, पाया पडा आणि…

"खोटं."

कोण बोललं? धाकू, तू घास रे तुझं. तुला ऐकू येत नाही.

"डाव्या कानानं येतं," धाकू म्हणाला. रुपं त्यानं मांडीवर ठेवलं आणि चिंचेचा हात धोतराला पुसला. "मंडळी, ह्याचं बाकी सगळं खरं हाय. वाघ सोडून. पर आयेच्या कुंकवाच्या फणेरपेटीत पानं हायत. बहात्तर. मेली तेव्हा मला दिली तिनं. फणसाचा चीक वाळला की काळा पडतो, कोकणात कुणाला सांगाया नको. एकाहत्तर पानांच्या पाठीला काळा डाग हाय. पयल्या पानापासनं तिला ठाऊक व्हता. सहा वर्षं ती कौल मागाया येत नव्हती, ह्या येड्याची वाट बघत बसली व्हती."

"धाकू, पुरे…"

"गप. आणि शेवटलं पान कोरं हाय. पाठ साफ. त्या दिवशी चीक लावलाच नाय तू, भिका. आयेनं तोंड उघडायच्या आधीच, आत जाऊन, तू पाण्यानं पान लावलंस. डावं पडलं असतं तर पडलं असतं. तरी देवीनं उजवाच दिला. मेल्या, एवढं खरं पुरत नव्हतं व्हय तुला?"